दोन शाळांचा फळा

मित्रांनो, येरवड्याच्या आमच्या शाळेत जिन्याखाली एक अडगळीची खोली आहे. तिथे मोडक्या बाकांच्या मागे भिंतीला टेकून ठेवलेला एक जुना लाकडी फळा तुम्हाला दिसेल. तो मी. आता माझ्यावर कुणी लिहीत नाही. पण एके काळी माझ्यावर एक नाही, दोन शाळा लिहीत होत्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या शिक्षिकेवर अन्याय झाला. मला सगळे ठाऊक होते, पण मी काही करू शकलो नाही. ते निदान तुम्हाला तरी कळावे, म्हणून हे सांगतो आहे.

माझा जन्म १९५८ सालचा. मैनुद्दीन मिस्त्रींनी तीन सागवानी फळ्या एकमेकींत अशा बसवल्या की, सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळू नये. मग त्यांनी मला घासून गुळगुळीत केले, काळा रंग दिला आणि हातगाडीवर घालून स्वतः शाळेत आणून सोडले. सातवीच्या वर्गात मला टांगले तेव्हा ते दोन पावले मागे सरकून बराच वेळ बघत राहिले होते.

आमची इमारत लहान होती. म्हणून सकाळी तिथे मराठी शाळा भरे आणि दुपारी उर्दू शाळा. सकाळची मुले साडेअकराला बाहेर पडत, दुपारची पावणेबाराला आत येत. मधली पंधरा मिनिटे वर्ग झाडण्याची. गेनबा शिपाई झाडू घेऊन येई आणि मला ओल्या फडक्याने पुसून काढी. सकाळी माझ्यावर डावीकडून उजवीकडे लिहिले जाई, दुपारी उजवीकडून डावीकडे. मला त्याचे फार अप्रूप वाटे. मुलांना मात्र एकमेकांचा पत्ताच नसे. एकाच बाकावर बसणारी दोन मुले कधी भेटलेलीच नसत.

असे सोळा वर्षे चालले. मग १९७४ साली सकाळच्या सातवीला वासंतीबाई आल्या.

एके दिवशी घंटा झाली तेव्हा वासंतीबाईंचे गणित माझ्यावर तसेच राहिले. एका विहिरीत रोज इतके पाणी येते, इतके उपसले जाते, असे काहीतरी ते होते. गेनबा त्या दिवशी रजेवर होता. दुपारी कमरजहांबाई वर्गात आल्या. त्या उर्दू शाळेच्या सातवीच्या बाई. त्यांना मराठी उत्तम येई. त्यांनी ते गणित मुलांना वाचून दाखवले. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, ही विहीर आहे कुठे?" सगळा वर्ग हसला. कमरजहांबाईही हसल्या, पण जाताना त्यांनी गणिताच्या खाली मराठीत लिहिले, "आमची मुलं विचारतात, ही विहीर कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वासंतीबाईंनी ते वाचले. त्यांनी खडू घेतला आणि खाली लिहिले, "शाळेच्या मागे. मोजायची का?"

तुम्ही आज ज्याला प्रकल्प म्हणता, तो आमच्याकडे असा सुरू झाला. शाळेमागच्या मळ्यात एक जुनी दगडी विहीर होती. दर गुरुवारी तिची पातळी मोजायची, एका आठवड्याला सकाळच्या मुलांनी आणि पुढच्या आठवड्याला दुपारच्या मुलांनी. दोराला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. माझ्या शेजारी खाकी कागदाचा मोठा तक्ता टांगला. सकाळची मुले त्यावर निळ्या खडूने आकडा मांडत, दुपारची हिरव्या खडूने. सकाळच्या वर्गातल्या हेमाचे अक्षर सर्वांत सुंदर, म्हणून निळे आकडे तीच लिही. कधी दोन्हीकडच्या आकड्यांचा मेळ बसत नसे. मग मुले वाद घालत, पुन्हा मोजत, सरासरी काढत. सरासरी म्हणजे काय ते त्या वर्षी कुणाला पाठ करावे लागले नाही.

दोघी बाई त्या पंधरा मिनिटांत भेटत. एकीच्या हातात डबा, दुसरीच्या हातात छत्री. पुढच्या आठवड्याचे त्या उभ्या उभ्याच ठरवत. आणि भेट झाली नाही तर? त्यासाठी त्यांनी माझ्या डाव्या कोपऱ्यात एक चौकोन आखला आणि वर लिहिले, 'पुसू नये'. निरोप त्या चौकोनात. गेनबाला वाचता येत नव्हते, पण त्या चौकोनाला हात लावायचा नाही एवढे त्याला सांगून ठेवले होते. तो रोज कडेकडेने फडके फिरवी. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेच दिवस सुखाचे.

सगळ्यांनाच हे आवडले होते असे नाही. सकाळच्या शाळेचे मुख्याध्यापक यज्ञेश्वर सर एकदा दारातून डोकावून म्हणाले, "वासंतीबाई, आपली नेमणूक शिकवायला झालीय ना? की विहिरी मोजायला?"

"दोन्ही एकच आहे सर," बाई म्हणाल्या.

"वा! मग पगार पाणीखात्याकडून घेत चला," असे म्हणून सर निघून गेले.

पुढच्या फेब्रुवारीत शाळा तपासायला मोठे साहेब येणार असल्याचे कळले. शुक्रवारी सकाळी येणार होते. साहेबांना असे उपक्रम फार आवडतात, हेही सरांच्या कानावर आले. मग काय, तीच विहीर एकदम शाळेचे भूषण झाली! "साहेबांसमोर मुलांना विहिरीवर न्या, मोजून दाखवा," असे सरांनी बुधवारी वासंतीबाईंना बजावले.

गुरुवारी पाळी दुपारच्या मुलांची होती. कमरजहांबाई मुलांना घेऊन गेल्या आणि नेहमीपेक्षा लवकर परतल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मुलांना सांगितले, "आता मी सांगेपर्यंत कुणी विहिरीकडे फिरकायचं नाही." माळी बाजाराला गेला होता, त्यामुळे मळ्यात सांगायला कुणी भेटले नव्हते. वासंतीबाई केव्हाच घरी गेल्या होत्या, दूर बुधवार पेठेत. आणि शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी म्हणून दुपारची शाळा नसे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी भेट होणार नव्हती. कमरजहांबाईंनी खडू घेतला आणि माझ्या चौकोनात ठळक अक्षरांत लिहिले:

"वासंतीबाई, विहिरीचा रस्त्याकडचा कठडा सुटला आहे. दगड हलतात. मुलांना नेऊ नका. कमरजहां."

खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. जाता जाता दारातून परत आल्या, वाचून पाहिले आणि मग गेल्या.

शाळा सुटल्यावर यज्ञेश्वर सर गेनबाला घेऊन वर्गात आले. गेनबाच्या हातात कोळशाची पूड कालवलेल्या रंगाचा डबा होता. मला नवा काळा रंग द्यायचा होता, साहेब येणार म्हणून.

गेनबा चौकोनापाशी थबकला. "सर, ह्यो कोपरा ठिवू का? बाईंचं काय तरी लिवल्यालं हाय."

सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सगळा म्हणजे सगळा. साहेबांना काय भिंतीवरच्या चिठ्ठ्या दाखवायच्यात?"

गेनबाने फडके भिजवले. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! खिळ्यावरून निसटून खाली पडता आले असते तरी मी पडलो असतो. मी नुसता लटकत राहिलो. ओले फडके फिरले. अक्षरे पाण्याबरोबर खाली ओघळली आणि त्यांच्यावर काळा रंग बसला.

सकाळी वासंतीबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितले. "अरे, कोपराही पुसला वाटतं," असे त्या स्वतःशीच म्हणाल्या. तेवढ्यात सरांची हाक आली, साहेब फाटकात होते. बाईंनी दोर उचलला. मुलांची रांग लागली. हेमा सर्वांत पुढे होती, तिने दोन्ही वेण्यांना नव्या फिती बांधल्या होत्या. तिच्या पाठीमागे दार बंद झाले. मी रिकाम्या वर्गात एकटा उरलो.

थोड्याच वेळात मागून आरडाओरडा ऐकू आला.

हेमा दोर धरायला वाकली आणि कठड्याचा दगड तिच्यासकट खाली गेला. माळ्याने उडी टाकून तिला वर काढले. ती वाचली. पण दगडाखाली तिचा उजवा हात कोपरात चेचला गेला होता. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही.

दुपारच्या मुलांनी ही बातमी ऐकली तेव्हा ती भाबडेपणाने गल्लीत बोलून गेली, "आम्हाला तर आमच्या बाईंनी काल तिथून मागे ओढलं होतं." ते हेमाच्या वडिलांच्या कानावर गेले. ते माधवराव, छापखान्यात नोकरीला होते, सरळ माणूस. शनिवारी त्या मधल्या पंधरा मिनिटांत ते आणि आणखी पाच-सात पालक आमच्या वर्गात आले. यज्ञेश्वर सर होते, दोघी बाई होत्या, दाराशी गेनबा होता.

माधवराव कमरजहांबाईंना म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ना, कठडा हलतोय म्हणून?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत? तुमच्या मुलांना बरं जपलंत!"

"मी लिहून ठेवलं होतं," कमरजहांबाई म्हणाल्या. "फळ्यावर, चौकोनात. वासंतीबाईंसाठी."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी नव्या रंगाने काळाभोर चमकत होतो.

"कुठंय?" कुणीतरी विचारले.

यज्ञेश्वर सर म्हणाले, "आता काय, फळ्यालाच साक्षीला उभं करायचं का बाई?"

एक-दोघे हसले. कमरजहांबाई हसणाऱ्यांकडे बघत नव्हत्या. त्या वासंतीबाईंकडे बघत होत्या. 'फळा परवाच पुसून रंगवला, कोपराही पुसला गेला,' एवढे एकच वाक्य वासंतीबाईंनी बोलायला हवे होते. त्यांचे ओठ हललेही. पण मुलांना विहिरीवर त्याच घेऊन गेल्या होत्या. हेमाचे वडील समोर उभे होते. बाईंनी मान खाली घातली आणि त्या छत्रीची मूठ चोळत राहिल्या. सरांना ठाऊक होते, ते घड्याळ बघत होते. गेनबाला ठाऊक होते, त्याला नोकरीची भीती होती.

मला तोंड नव्हते मित्रांनो. त्या तिघांना होते.

घंटा झाली. कमरजहांबाई म्हणाल्या, "माझा वर्ग आहे. मुलं बाहेर उन्हात उभी आहेत." आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. महिन्याभराने त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली आणि त्या बिबवेवाडीकडच्या शाळेत गेल्या. विहिरीला तारेचे कुंपण पडले. तक्ता निघाला. दोन्ही शाळांनी एकमेकींशी संबंध ठेवायचा नाही असे ठरले. हेमा जूनमध्ये परत आली, परीक्षा बुडाल्यामुळे पुन्हा सातवीतच. तिने डाव्या हाताने माझ्यावर लिहायला सुरुवात केली तेव्हा अक्षरे मोठी व्हायची, एकीकडे कलंडायची. एकदा तिचा खडू तीनदा मोडला. वासंतीबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

दोन वर्षांनी गेनबा सेवानिवृत्त झाला. शेवटच्या दिवशी वर्ग झाडून झाल्यावर तो गेला नाही, झाडू घेऊन उभाच राहिला.

"बाई, ते म्या पुसलं हुतं," तो म्हणाला. "कोपऱ्यात लई लिवल्यालं हुतं. खाली दोन रेघा हुत्या. सरांना इचारलं बी हुतं म्या."

वासंतीबाई बाकावर बसल्या. "मला माहीत होतं गेनबा," त्या म्हणाल्या. "तेव्हाच माहीत होतं."

रविवारी त्या बिबवेवाडीला जाऊन आल्या. सोमवारी उल्काबाई नावाच्या नव्या शिक्षिकेला त्या ते सांगत होत्या, म्हणून मला कळले. कमरजहांबाईंनी त्यांना बसवले, चहा दिला. वासंतीबाईंनी माफी मागितली. तेव्हा कमरजहांबाई म्हणाल्या, "मी लिहिलं होतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी तुम्ही नुसतं माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिला असतात, तरी पुरलं असतं."

"आणि तिथे काही उपक्रम चालवता का, असं मी विचारलं," वासंतीबाई म्हणाल्या. "तर म्हणाल्या, नाही. आता पुस्तकातलंच शिकवते. पुस्तक कुणी पुसत नाही."

त्यानंतर पालकांच्या सभेत वासंतीबाईंनी उभे राहून सगळे खरे सांगितले, सरांच्या समोर. अकरा पालक आले होते. माधवराव शांतपणे म्हणाले, "बाई, आता सांगून काय उपयोग?" सभेचा पुढचा विषय गणवेशाचा होता.

पुढे माझ्या जागी हिरवा फळा आला, मग पांढरा. मला जिन्याखाली आणले. भिंतीपलीकडचे बोलणे अजून ऐकू येते. प्रकल्प आता सक्तीचे आहेत. पालक तयार वस्तू विकत आणतात, मुले नाव घालतात, शिक्षक सही करतात. एका वर्गाचे शिक्षक काय करतात ते शेजारच्या वर्गाला माहीत नसते. कधी वाटते, कुणीतरी दार उघडावे आणि मी सांगावे. पण दार उघडते ते आणखी एक मोडके बाक आत ढकलण्यासाठी.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर टांगा असे मी म्हणत नाही. माझ्या फळ्यांना आता वाळवी लागली आहे. मागणे इतकेच आहे. कुणाच्या जिवाशी गाठ असेल असा निरोप लिहून ठेवून थांबू नका; त्या माणसापर्यंत जा, दार ठोठावा, तोंडाने सांगा. दोघांनी मिळून काम केले असेल आणि ते बिघडले, तर दोघांनी मिळून उभे राहा. आणि सगळ्यांसमोर कुणी एकटा म्हणत असेल की, मी सांगितले होते, तर पुरावा शोधायला भिंतीकडे बघू नका. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल, तर बोला. त्याच वेळी बोला.