अक्काच्या फाटकाबाहेर

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाची दुकानं उघडायला परवानगी मिळाली, त्या दिवशी पुंडलिक महेंद्रकर उजाडायच्या आधीच आंघोळ करून तयार होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ओढलेलं शटर आता वर जाणार होतं. तेही दुपारपर्यंतच, पण तेवढ्यानेही त्याच्या अंगात बळ आलं होतं. इतके दिवस घरात बसून तो बायकोच्या, यमुनाच्या, स्वयंपाकात चुका काढण्यापलीकडे काही करत नव्हता. त्यामुळे तो बाहेर पडतोय याचा आनंद तिलाही झाला होता.

पुंडलिकाचं दुकान चालायचं ते त्याच्या तोंडावर. “बर्री, बर्री,” म्हणत तो गिऱ्हाईक आत घ्यायचा. कानडी येणाऱ्याशी कानडीत, मराठी येणाऱ्याशी मराठीत बोलायचा आणि दोघांच्याही घरची खुशाली विचारायचा. मास्क लावून हे काही जमेना. पहिल्या तासाभरातच त्याचा मास्क हनुवटीवर आला.

“अण्णा, मास्क,” असं त्याच्याकडे कामाला असलेला मंजुनाथ म्हणाला.

“अरे, आता सगळं उघडलंय. आपला चेहरा दिसला नाही तर लोक ओळखणार कसे?” पुंडलिक हसला. दुपारी दोघांनी एकाच डब्यातून भाकरी खाल्ली. मंजुनाथच्या बायकोचे दिवस भरत आले होते. मुलगा झाला तर पहिलं झबलं आपल्याकडून आणि मुलगी झाली तर दोन, असं पुंडलिकाने तिथेच जाहीर करून टाकलं.

असे काही दिवस गेले. मग एका रात्री त्याचा घसा खवखवायला लागला. सकाळी यमुनाने चहा देताना कपाळाला हात लावला आणि ती थबकली.

“अहो, अंग गरम आहे तुमचं.”

“दुकानातली धूळ गं. इतके दिवस बंद होतं, बाधणारच.”

“धुळीने ताप येत नाही. आज दुकानात जाऊ नका. आणि दुपारी अक्कांकडे तर मुळीच नको.”

पण नेमकं तेच त्याच्या जिवावर आलं. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, मथुरा. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं. धारवाडला केलगेरीत ती आणि तिचे यजमान नागोजीराव दोघंच राहायचे. नागोजीरावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्यामुळे लाट सुरू झाल्यापासून त्यांच्या घरात बाहेरचं कुणी गेलं नव्हतं. आज भाऊ येणार म्हणून अक्काने गव्हाची हुग्गी, त्याची आवडती खीर, करायला घेतली होती. आणि दुकानाचं काय? मालकालाच ताप आहे हे बाजारात कळलं, तर आत्ता कुठे वळू लागलेली पावलं पुन्हा फिरली असती. पुंडलिकाने तापाची गोळी घेतली, दुपारपर्यंत दुकान केलं, मंजुनाथला एका शब्दाने काही सांगितलं नाही आणि स्कूटर काढली.

वाटेतलं रायापूर मागे पडलं तेव्हा ताप उतरल्यासारखा वाटला. आपण उगाच घाबरलो, असं त्याने स्वतःला समजावलं.

अक्का फाटकाशीच उभी होती. नागोजीराव व्हरांड्यात खुर्चीवर बसून हात हलवत होते.

“पुंडू, ताप, खोकला काही नाही ना रे?” तिने मास्कमधूनच विचारलं.

“नाही, अक्का.”

“रागावू नकोस हं. ह्यांच्यासाठी सगळ्यांनाच विचारते. दूधवाल्यालासुद्धा.” एवढं म्हणून तिने फाटक उघडलं, मास्क काढून कमरेला खोचला आणि त्याच्या गालावरून फिरवायला दोन्ही हात पुढे केले. किती दिवसांनी तिचा पूर्ण चेहरा दिसत होता. ती वाळली होती. डोळे भरून आले होते.

पुंडलिक झटकन मागे सरला.

“अक्का, थांब. मास्क लाव. मला सकाळपासून ताप आहे.”

अक्काचे हात तसेच राहिले. मग तिने मास्क लावला, फाटक ओढून घेतलं आणि वळून म्हणाली, “तुम्ही आत जा बघू.” नागोजीराव काही न विचारता उठले.

“मग मघाशी ‘नाही’ का म्हणालास?”

“दुकान आत्ताच उघडलंय, अक्का. लोकांना कळलं तर कोण येईल? आणि... तुला बघायचं होतं.”

“मलाही तुला बघायचं होतं. सकाळपासून मी आत-बाहेर करतेय.” तिचा आवाज चढला नाही. “ताप कुणालाही येतो, त्यात लाज कसली? पण मी मास्क काढला तो तुझ्या शब्दावर. आता दुकानं उघडली, बस सुरू झाल्या, उद्या देवळं उघडतील. हे सगळं कशाच्या जोरावर? माणसं एकमेकांना खरं सांगतील एवढ्याच भरवशावर. प्रत्येकाच्या दारात पोलीस उभा करता येतो का? आणि त्या मंजुनाथला सांगितलंस? त्याची बायको अवघडलेली आहे, तूच फोनवर म्हणाला होतास.”

सकाळीच मंजुनाथ पुंडलिकाच्या शेजारी बसून ठाणांच्या घड्या घालत होता.

“इथूनच फोन कर. मी उभी आहे,” अक्का म्हणाली.

त्याने फोन लावला. सगळं सांगितलं. मंजुनाथ म्हणाला, “अण्णा, मी अजून वाटेतच आहे. आता घरात जात नाही, वरच्या खोलीत राहतो. तिची तपासणी करून घेतो. सकाळीच सांगायचं होतंत.”

त्या शेवटच्या वाक्याने पुंडलिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काने हुग्गीचा डबा फाटकाच्या खांबावर ठेवला आणि ती मागे सरली. “गरम करून खा,” तिने बजावलं.

तपासणीत पुंडलिकाला करोना निघाला. मंजुनाथलाही निघाला. दोघांना चार दिवस ताप आला, मग उतरला. मंजुनाथच्या बायकोला मात्र लागण झाली नाही. पुढे तिला मुलगी झाली.

पण खरी परीक्षा होती ती बाजाराची. यमुना खोलीबाहेरून म्हणाली, “आठवतील तेवढ्या गिऱ्हाइकांना सांगा. मी नंबर शोधून देते.” खोकत खोकत पुंडलिकाने एकेकाला फोन केले आणि गल्लीतल्या व्यापाऱ्यांनाही कळवलं. काहींनी मुकाट्याने फोन ठेवला. शेजारचा भांडीवाला पद्मनाभ तर चिडलाच. “कशाला बोभाटा केलास? तुझ्यामुळे आमच्याकडेही कुणी फिरकणार नाही.”

आणि झालंही तसंच. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा पहिले काही दिवस पुंडलिक आणि मंजुनाथ नीट मास्क लावून नुसते रस्त्याकडे बघत बसले. मग एका सकाळी एक बाई आल्या. पुंडलिकाला ताप यायच्या सुमारास त्यांनी मुलीच्या लग्नासाठी इथूनच काही साड्या नेल्या होत्या.

“तुमचा फोन आला म्हणून आम्ही सासूबाईंना वेगळ्या खोलीत ठेवलं,” त्या म्हणाल्या. “मला करोना निघाला, त्यांना लागण झाली नाही. उरलेली खरेदी तुमच्याकडूनच करायची, असं त्यांनीच सांगितलंय.”

पुंडलिकाने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. मंजुनाथने साड्या काढल्या.

पुढे महिनाभराने पद्मनाभच्या घरी ताप शिरला. तो थेट पुंडलिकाच्या दुकानासमोर आला, लांब उभा राहिला आणि म्हणाला, “घरी आजार आहे. मी उद्यापासून येत नाही.” त्याच्या घरी औषधं आणि भाजी पोचवली ती पुंडलिकाने. त्यानंतर त्या गल्लीत आजार लपवायची कुणाला गरज वाटली नाही.

बंधूंनो, भगिनींनो, निर्बंध शिथिल होतात तेव्हा आपली काळजी घ्यायचं काम आपल्याच हाती येतं. अंगात कसर असेल तर घरी थांबा आणि ज्यांच्यासोबत बसला-उठलात त्यांना वेळेवर कळवा. आणि कुणी असं खरं सांगितलं, तर त्याच्यापासून तोंड फिरवू नका. त्याला काय हवं-नको ते विचारा.