बाबांचा राहिलेला सामना

मी एक जुना घरगुती संगणक आहे आणि बेरीज-वजाबाकी हा माझा पिंड. तेव्हा मित्रांनो, गोष्टीआधी हिशेब. ज्या सामन्यासाठी दादाने मला तीस वर्षांनी माळ्यावरून खाली काढलं, तो जिंकून त्याला मिळणार होतं काय? दोन गुण आणि पडद्यावरचा अंगठ्याएवढा चषक. तोही चौकोनी ठिपक्यांचा. एवढ्यासाठी पन्नाशीकडे झुकलेला माणूस गुडघे धरून शिडी चढला!

मी कारखान्यातून निघालो तेव्हा लोक मला बघायला येत. पहिल्या मालकाने मला तीन महिन्यांत बिघडवलं आणि दादाच्या बाबांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात टाकून दिलं. न्यायला तो आलाच नाही. बाबांनी मला बरं केलं, घरी आणलं आणि टीव्हीला जोडलं. सोबत एकच कॅसेट होती, फुटबॉलच्या खेळाची. कॅसेटवरचा खेळ माझ्यात उतरेपर्यंत टेपरेकॉर्डर सहा मिनिटं किंचाळायचा, तेव्हा कुठे हिरवं मैदान दिसायचं. शेजारी विचारत, "मांजर पाळलंय का हो?"

बाबा आणि दादा साखळी स्पर्धा खेळत. दादाच्या धाकट्या बहिणीला खेळायला मिळत नसे. दादाच्या मते ती लहान होती. माझी बटणं सारखी दाबते म्हणून तिचं नावच 'बटण' पडलं होतं. बाबांनी त्यावर तोड काढली. आपल्या संघाच्या गोलरक्षकाला त्यांनी तिचं नाव दिलं आणि वही तिच्या हाती सोपवली. वहीत दोन रकाने होते : गोल कुणी केला आणि गोल कुणी खाल्ला. बटण दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव इमानदारीने लिहायची आणि दिवसभर फुगून बसायची.

घरात एक नियम होता. एकदा वीज गेली आणि अख्खी स्पर्धा पुसली गेली. तेव्हापासून बाबांचा हुकूम : "सामना संपला की आधी जपून ठेवायचं, मग हात धुवायचे." कॅसेट एकच, म्हणून नवं जुन्यावरच नोंदवायचं. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर बाबांनी लिहिलं होतं, '१४७ आकड्यापासून', म्हणजे टेपरेकॉर्डरच्या फिरत्या आकड्यांत १४७ आला की तिथून स्पर्धेची नोंद.

एका वर्षी शेवटचा सामना उरला. बाबा एका गुणाने पुढे होते, म्हणजे दादाला जिंकणं भाग होतं. आणि दादा घाबरला. एक दिवस डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी चाचणी निघाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा डोकं.

बाबा हसून म्हणाले, "तुझ्या डोक्याला आणि शाळेला माझा नमस्कार सांग. माझे अकरा जण थांबतील. त्यांना कुठे जायचंय?"

ते अकरा जण थांबले. बाबा थांबले नाहीत. चौथ्या महिन्यात दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. मला कुणीतरी चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं.

आता घर रिकामं करायचं होतं, म्हणून भाऊ-बहीण आले होते. दादाने बाबांचाच टीव्ही जोडला. दोनदा कॅसेट चालली नाही. तिसऱ्यांदा मैदान उगवलं. गुणतक्त्यात बाबा अजून एका गुणाने पुढे होते.

"बाबांकडून मी खेळते," बटण म्हणाली.

"नको गं. ती जॉयस्टिक बाबांची आहे."

"म्हणजे मी परत वहीच?"

"तुला कुठे जमतं?"

"तीस वर्षांत विचारलंस तरी का?" ती हसली, पण हसणं ओठांवरच राहिलं. तिने पाठकोरा कागद ओढून रकाने आखले.

बाबांची जॉयस्टिक कुणीच धरली नाही, म्हणून त्यांचे दहा खेळाडू जागच्या जागी उभे राहिले. हलत होता फक्त गोलरक्षक, कारण मित्रांनो, त्याला मी हलवतो. मी जीव तोडून हलवला. दादाचे सात फटके अडवले. बटण नकळत ओरडली, "शाब्बास!" पण मला नियमाबाहेर उडी मारता येत नाही. शेवटच्या मिनिटाला चेंडू कोपऱ्यातून आत गेला.

चषक चमकला. दादाचे डोळे भरले आणि हात सवयीने चालला. कॅसेट १४७वर आणली, टेपरेकॉर्डरची नोंदवायची दोन बटणं एकदम दाबली.

"दादा, थांब! अरे, त्याच्याखाली बाबा..."

त्याने हात मागे घेतला तोवर टेप पुढे सरकली होती आणि बाबांनी जपलेली, ते पुढे असलेली जुनी नोंद पुसली गेली होती. बाबांचाच नियम त्याने पाळला होता. तीस वर्षं वाट बघणारे अकरा जण आता कुठेच नव्हते. जमिनीवर बसून तो नुसतं म्हणत राहिला, "खेळायला हवं होतं गं तेव्हा. हरलो असतो तर हरलो असतो."

मित्रांनो, माझी धूळ पुसायला कुणी नसलं तरी चालेल, मी यंत्र आहे. पण जवळचं माणूस समोर बसून 'चल, खेळू' म्हणत असेल, तर डोकं दुखू देऊ नका. आणि काही जपून ठेवताना आधी बघा, त्याच्याखाली काय आहे.

दादाच्या नावावर दोन गुण जमा झाले. बटणने कागदावर लिहिलं : दादा एक, बाबा शून्य. गोल कुणी केला? दादा. गोल कुणी खाल्ला? तिथे तिने, लहानपणी लिहायची तसंच, स्वतःचं नाव लिहिलं.