लाल दिव्याची गादी

मित्रांनो, मी एक जुनी विजेची गादी आहे, तुमच्या चित्रकलेच्या वहीएवढी. मला बनवलं माणसांची दुखरी कंबर शेकायला, पण नशिबाने आले प्रयोगशाळेत, उंदरांच्या सेवेला.

आधी मला हसूच आलं. मग कळलं, शस्त्रक्रियेसाठी भूल दिली की उंदराचं अंग बघता बघता गार पडतं. इवलासा जीव, शुद्धीवर येईपर्यंत त्याला ऊब मी द्यायची. पिंजरा अर्धा माझ्यावर, अर्धा बाहेर. जागं झाल्यावर उकडलं तर त्याला सरकता यावं म्हणून. पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या मावशी येता-जाता माझ्या कडेला उलटा हात लावून बघत. संशोधक ताई गालात हसत. त्यांना वीज सुरू झाली की लागणारा माझा लाल दिवा पुरेसा होता.

काम झालं की ताई घाईघाईने माझी घडी घालून मला खणात कोंबत. सात वर्षं मी ते सोसलं. एका सकाळी आतली तार तुटली. दिवा मात्र लागला, नेहमीच्या ऐटीत. ताईंनी टाके घातलेली उंदरीण पिंजऱ्यात निजवली, दिवा पाहिला आणि पाठ करून नोंदी लिहीत बसल्या. मावशी अजून आल्या नव्हत्या.

मी गारच होते. माझ्यावर ती निपचित पडली होती. तिचा एकेक श्वास आता फार वेळाने येत होता. पुढचा येईल ना, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला. ओरडावं तर मला तोंड नाही. त्या खोट्या दिव्याची मला फार लाज वाटली.

दार वाजलं. मावशींनी हातातली पिशवीही खाली न ठेवता मला हात लावला.

"ताई, ही गार आहे."

"दिवा चालू आहे की, मावशी."

"दिव्याचं राहू द्या. हात लावा."

ताईंनी हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. मावशींनी रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरलं, गाठ मारली आणि फडक्यात गुंडाळून उंदरिणीच्या कुशीशी ठेवलं. दोघी वाट बघत बसल्या. बऱ्याच वेळाने तिच्या मिशा हलल्या.

"माझंच चुकलं," ताई हळूच म्हणाल्या.

आता मी वरच्या फळीवर पडून असते. नव्या गादीची कुणी घडी घालत नाही. तिलाही दिवा आहे, पण ताई आधी उलटा हात लावतात. मित्रांनो, बोलता न येणारं कुणी तुमच्या भरवशावर निजलं असेल, तर लांबून दिवा बघून जाऊ नका. जवळ जा आणि हात लावून बघा.