मावशीच्या सव्वीस बिया

बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत भाची दिवसभर ओल्या टीपकागदावरचे मोड मोजायची. एका रविवारी ती मावशीकडे गेली, तर मावशीने तिच्यासमोर बाटली आपटली.

"तुझ्या काकांच्या निळ्या वेलीच्या बिया. ते गेल्यापासून नऊ वर्षं लावतेय, एक उगवेल तर शपथ! आता सव्वीसच उरल्यात."

भाचीने एक बी नखाने दाबली. दगडासारखी टणक. "किती खोल लावतेस?"

"चांगली वीतभर. थंडी लागू नये म्हणून."

भाचीने कपाळाला हात लावला. "अगं मावशी, तू पेरत नव्हतीस, पुरत होतीस!"

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ती उठून गेली नाही. दोघी पॉलिशपेपर घेऊन बसल्या. टरफलातून पाणी आत शिरत नव्हतं, म्हणून प्रत्येक बी एका कडेने हलकेच घासली.

"काकाही असंच करायचे का गं?"

"दार लावून काय करायचे, मला थोडंच सांगायचे!"

भिजून फुगलेल्या बिया ओल्या फडक्यात गेल्या. मावशी दर तासाला फडकं उघडून बघायची.

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेतला फोन खणाणला. "अगं, शेपूट फुटलंय!" आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचला.

"शेपूट नव्हे, मूळ. आधी तेच येतं."

"मग लावू कसं? उलटं की सुलटं?"

"कसंही लाव. खाली कुठे जायचं ते त्याला बरोबर कळतं. फक्त बोटाच्या एका पेराएवढंच खोल!"

शनिवारपर्यंत एकोणीस रुजल्या आणि एकेका कुंडीत गेल्या. पुढच्या आठवड्यात मातीतून वाकलेल्या माना वर आल्या. डोक्यावर टरफलाच्या टोप्या तशाच. मावशी टोपी काढायला गेली, तसं भाचीने तिचं मनगट धरलं.

"त्याचं त्याला करू दे."

दोघी कुंडीपाशी ठाण मांडून बसल्या. चहा निवून गेला. अखेर एक टोपी घसरली आणि दोन पानं अलगद उलगडली. मावशी हसता हसता रडायला लागली.

"तुझे काका एक बी कुणाला देत नसत. महाचिकट माणूस!" डोळे पुसत ती उठली. "चल, उचल कुंड्या. सगळ्या इमारतीत वाटायच्यात."

भाचीने तीन मजल्यांची चढउतार केली. मावशी मागून प्रत्येक दारात बजावत होती, "पाणी बेताने घाला हं! आणि फूल आलं की आधी मला हाक मारायची!"