पाटीवरचा शेवटचा शब्द

माझा धाकटा भाऊ पाट्या रंगवतो. तो अक्षरांच्या कडा काढतो आणि मी आत रंग भरते, अशी आमची वीस वर्षांची वाटणी. सगळे त्याला पेंटर म्हणतात, मीसुद्धा. मी मुळातच घाईची बाई. त्यानं मला भरायला दिलेली पहिली पाटी होती 'अति घाई, संकटात नेई', आणि ती त्यानं मुद्दामच दिली होती याबद्दल मला शंका नाही. "कडेला आलीस की तुझा ब्रश थांबतो," तो अजून म्हणतो. "तिथं रंग साचतो. बोट फिरवलं की कळतं, हे ताईचं."

सत्ताविसाव्या वर्षी त्याला वरच्या लोकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. आमच्या घराला वरचा मजलाच नाही. मी त्याला शिडी लावून छपरावर नेलं, म्हटलं बघ, आहे का कुणी? त्यानं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "तू आलीस की ते गप्प बसतात." पुढं त्या वरच्यांनीच त्याला सांगितलं की ताई चहात विष घालते. दहा वर्षं तो माझ्या हातचा चहा प्यायला नाही. वरचे जरा शांत असले की काम करायचा, नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसायचा. एक औषध झालं, दुसरं झालं, पूर्ण मात्रेत आणि पूर्ण मुदतीचं. वरचे जागचे हलले नाहीत.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन औषधं हरल्यावर द्यायचं एक औषध आहे. पण ते कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करतं, म्हणून ठरल्या दिवशी रक्त तपासायचं, चुकवायचं नाही. त्या औषधानं तो बारा-बारा तास झोपायचा, लाळेनं उशी भिजायची, पोट सुटलं. माझ्या नाकी नऊ आले. आणि चौथ्या महिन्यात एका सकाळी त्यानं माझ्या हातातला कप घेतला, एक घोट प्यायला आणि म्हणाला, "साखर कमी आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा पोटाशी धरून रडले.

चार महिने तो असा रोज चहा प्यायला. मग पेशी घसरल्या. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आजची गोळी द्यायची नाही, लगेच या.

"पुन्हा कधी सुरू करायची?" मी विचारलं.

"हे औषध पुन्हा नाही. जिवावर बेतेल."

मी भांडले. माझं रक्त त्याच्या नावानं पाठवते म्हणाले, इतकी मी वेडी झाले होते. पेंटरच हसला. "ताई, पाटी बदलून दुकान बदलत नाही." मग त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "वरचे परत येतील ना?"

"बहुतेक येतील," त्या म्हणाल्या. "आठवड्यात, दोन आठवड्यांत. आपण दुसरे उपाय करून बघू. सोडणार नाही तुम्हाला." त्यांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

घरी आल्यावर त्यानं हातभर लांबीची पाटी घेतली आणि पांढऱ्या रंगाचा हात मारला. "वरचे आले की मी तुझं ऐकणार नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांचंही नाही. पण माझा हात मी कुठंही ओळखेन. ही पाटी मी एकटाच करणार."

निळ्या अक्षरांच्या कडा त्यानं एका दमात काढल्या: ताई चहात काही घालत नाही. औषध एकदम बंद झाल्यानं त्याला घाम फुटत होता, उलट्या होत होत्या. तरी तीन दुपारी बसून तो एकेक अक्षर भरत गेला. शेवटचं 'नाही' तेवढं पोकळ राहिलं. "उद्या करतो," म्हणाला आणि आडवा झाला.

मी त्या पोकळ 'नाही'कडे बघत बसले. उद्या उठेल तो पेंटरच असेल की वरच्यांचा माणूस, कुणी सांगावं? मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला हात बांधून बसता येत नाही. मी ब्रश उचलला. आयुष्यात इतकं जपून मी कधी रंगवलं नव्हतं.

तो उठला. पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला, मग माझ्याकडे बघितलं. "चांगलं झालंय," म्हणाला. वीस वर्षांत माझ्या कामाला त्यानं कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

औषध थांबल्यापासून सोळाव्या दिवशी त्यानं खाट भिंतीपासून लांब ओढली आणि छताकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्यादेखत त्याच्या कपातला घोट घेतला आणि कप पुढं केला. त्यानं हात मागं घेतला. मी पाटी आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"तूच लिहिलंयस, पेंटर. वाच."

त्यानं वाचलं. त्याचा चेहरा जरा सैल पडला. मला वाटलं, जमलं. मग तो अक्षरांवरून अंगठा फिरवू लागला, अगदी सावकाश, एकेका कडेवरून. शेवटच्या शब्दावर अंगठा थांबला, मागं आला, पुन्हा तिथंच थांबला.

"इथपर्यंत माझं आहे," तो म्हणाला. "'नाही' तू लिहिलंस."

मी म्हटलं, अरे, कडा तुझ्याच होत्या, मी फक्त रंग भरला. त्यानं पाटी उलटी करून खाली ठेवली आणि कप माझ्याकडे सरकवला. तो आजारी होता, पण त्याचा अंगठा खोटं सांगत नव्हता. 'नाही' माझंच होतं.