हिरव्या पट्ट्यांचे टेकू

त्या ठेकेदाराचं खरं नाव काय होतं कुणास ठाऊक. त्यानं ज्यांची ज्यांची घरं अर्धवट लटकवून ठेवली होती, ते सगळे त्याला परवाशेठ म्हणत. वाळू कधी येणार? परवा. गवंडी कधी येणार? परवा. आणि हे इतक्या गोड आवाजात सांगायचा मेला, की भांडायला आलेला माणूस उलट त्याचेच आभार मानून निघायचा आणि अर्ध्या रस्त्यात गेल्यावर कपाळावर हात मारून घ्यायचा.

त्याच्या ऑफिसबाहेर एक लाकडी बाक होता. अडलेल्या घरांची माणसं तिथं बसायची. त्यांतलीच एक पडदेवाली. ती घरोघरचे पडदे शिवायची, म्हणून तिला सगळे तसंच म्हणत. तिच्या घराच्या भिंती उभ्या राहून किती काळ लोटला होता, पण वर स्लॅब नव्हता. सगळ्या खिडक्यांचे पडदे तिनं कधीच शिवून, इस्त्री करून पेटीत ठेवले होते. खिडक्यांचा अजून पत्ता नव्हता.

आता कुणी म्हणेल, घर काय, आज ना उद्या होईल, एवढा जीव कशाला काढायचा? तर तिचा नवरा लाईनमन होता. एका वादळानंतर अर्ध्या गावची वीज गेली, तेव्हा तो खांबावर चढून तारा जोडत होता. इकडे वीजकेंद्रात फोनवर फोन. लोकांनी तिथल्या ऑपरेटरला भंडावून सोडलं, कधी येणार, कधी येणार. शेवटी वैतागून त्यानं तारांत वीज सोडली. खांबावर कुणी आहे का, हे विचारायचा एक फोन करायचा राहिला. लाईनमन झटका बसून वरून पडला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला.

तेव्हापासून तो तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत पडून होता. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्याची खाट खिडकीला लावलेली, आणि ती खिडकी तो कधी बंद करू द्यायचा नाही. खालचा रस्ता बघत राहायचा, भाजीच्या गाड्या, सायकली, भांडणं. तेवढंच काय ते त्याचं जग. पडदेवाली त्याचं अंग पुसताना रोज त्या ऑपरेटरचा उद्धार करायची. "एक फोन! एक फोन करायला काय झालं होतं मुडद्याला? हात झडो त्याचा." नवरा यावर कधीच काही बोलायचा नाही. शिव्या दोघांच्या वाटच्या तीच देत होती.

म्हणून हे घर. बैठं, बिनपायऱ्यांचं, रुंद दारांचं. चाकांची खुर्ची सरळ अंगणात जावी, एवढाच त्या घराचा अर्थ होता.

बाकावर तिला ड्रायव्हरकाका भेटले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, दूर गावी एक लेक. तिनं कायमचं आपल्याकडे राहायला यावं म्हणून त्यांनी घर काढलेलं. त्यांचा स्लॅब नुकताच ओतून झाला होता आणि ते प्लास्टरवाल्याच्या मागे लागले होते. बोलायला मोठे गमतीचे. "अगं, मी वेळापत्रकावर बस चालवली," म्हणायचे, "आणि आता या बाकावर बसलोय, जिथं वेळही नाही आणि पत्रकही नाही." ती हसायची. त्या दिवसांत तिला हसवणारे तेवढे एकच होते.

त्यांनीच तिला खरी गोम सांगितली. "तुझं घर माझ्यामुळे अडलंय, पोरी. परवाशेठकडे ओला स्लॅब तोलून धरायच्या लोखंडी टेकूंचा एकच संच आहे. सध्या तो माझ्या स्लॅबखाली उभा आहे. माझा स्लॅब पक्का झाला की तेच टेकू तुझ्याकडे येणार. घरं चार घेतो, टेकू एका घराचे. असा धंदा."

"मग काढा ना लवकर," ती म्हणाली.

"वेडी का काय? ओला स्लॅब आहे तो. महिनाभर तरी हात लावायचा नाही. मी तर फाटकाचा उरलेला हिरवा रंग घेऊन प्रत्येक टेकूला पट्टा मारून ठेवलाय. या शेठचा भरवसा नाही, मुदतीआधी उचलून नेले तर निदान कळेल तरी कुठं गेले ते." मग ते हळूच म्हणाले, "आता मी आठ-दहा दिवस लेकीला आणायला जातोय. मुदत भरली की मी स्वतः ट्रकमध्ये बसून टेकू तुझ्या दारात आणून टाकतो. ड्रायव्हरचा शब्द आहे."

थांबली असती ती. खरंच थांबली असती. पण त्याच आठवड्यात पडून पडून नवऱ्याच्या पाठीला जखमा झाल्या, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. शेजारच्या दोघांनी चादरीत घालून त्याला जिन्यावरून उतरवलं. येताना वर चढवत असताना एकाचा पाय घसरला आणि लाईनमन पोत्यासारखा कठड्यावर आदळला. ओरडला नाही. वर आल्यावर भिंतीकडे बघत म्हणाला, "आता मला पुन्हा खाली नेऊ नकोस. उतरेन तर आपल्या घरी जायला उतरेन. नाहीतर इथंच जाऊ दे मला."

दुसऱ्या दिवशी पडदेवाली बाकावर बसलीच नाही. सरळ आत गेली. आत दोन नवी गिऱ्हाइकं बसली होती, घराचे नकाशे पसरलेले. तिनं त्यांच्यासमोर परवाशेठची अशी काही खरडपट्टी काढली, की बाहेरची माणसं दाराशी गोळा झाली. "यांना सांग, माझा नवरा जिन्यात कसा आपटला ते! सांग, किती महिने झाले ते!" मग ती दारातच फतकल मारून बसली. "टेकू आल्याशिवाय उठत नाही. काय करायचंय ते कर."

गिऱ्हाइकं नकाशे गुंडाळायला लागली तसा परवाशेठचा गोडवा पळाला. "उद्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी टेकू तुमच्या दारात असतील, ताई."

उद्या! त्याच्या तोंडून हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. ती घरी गेली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आणि खरंच सकाळी ट्रक आला, सोबत परवाशेठही. कामगार धडाधड टेकू खाली टाकत होते. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्यावर तिची नजर थांबली. मधोमध हिरवा पट्टा. मग बघते तर सगळ्यांवर.

"हे कुठून आणले?" तिनं विचारलं.

"गोडाऊनमधून," परवाशेठ म्हणाला. "तुम्हाला घर हवंय का चौकशी करायचीय? नको असतील तर परत भरतो."

तिनं पर्समधून फोन काढला. काकांचा नंबर लावायला वेळ किती लागतो? पण काका येतील ते आग ओकत येतील, ट्रक परत जाईल, आणि पुन्हा तो बाक. पुन्हा परवा. ते तर गावाला गेलेत, तिनं मनाला समजावलं, घर रिकामं आहे. शेठला कळत असेल ना, त्याचा रोजचा धंदा आहे. स्लॅब एव्हाना वाळलाही असेल. एकदा आपलं काम सुरू झालं की सांगू काकांना. तिनं फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि कामगारांना चहा करायला गेली.

स्लॅब ओतायच्या दिवशी ती हरखून गेली होती. मिक्सरचा घरघराट, घमेल्यांची रांग, वर चढत जाणारा ओला करडा थर. काम उरकतच आलं होतं, एवढ्यात मुकादमाचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि हातानं खूण करून मिक्सर बंद करायला लावला. एकाएकी इतकी शांतता झाली की वरून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं.

ड्रायव्हरकाका लेकीला घेऊन स्टँडवरून थेट नव्या घरी गेले होते. लेक फाटकाशी रिक्षातून सामान उतरवत होती. "थांब, आधी खिडक्या उघडतो, मग बघ कसं दिसतं," असं म्हणत काका आत गेले. स्लॅब अख्खाच्या अख्खा त्यांच्या अंगावर आला.

परवाशेठनं फोन बंद केला आणि पोबारा केला. पोलीस पडदेवालीच्या घरी आले तेव्हा त्यांना काही शोधावं लागलं नाही. हिरवे पट्टे रांगेत उभे होते. पण पुरावा म्हणून टेकू काढून न्यावेत तर हाही स्लॅब कोसळणार. त्यांनी दोरी बांधली, सील ठोकलं, आणि खटला संपेपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही असं बजावून निघून गेले. दोरीपलीकडे काकांची लेक आली. पट्टे बघत उभी राहिली आणि गेली. पडदेवालीला तिच्यासमोर मान वर करता आली नाही.

संध्याकाळी ती तीन जिने चढून वर आली. नवऱ्याला सगळं कळलं होतं, खालून कुणीतरी सांगितलं होतं. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिनं काही लपवलं नाही. पट्टे दिसले होते, हेही सांगितलं.

रस्त्याकडे बघतच त्यानं विचारलं, "फोन होता तुझ्याकडे?"

"होता."

"नंबर होता?"

"होता."

त्यानं शिव्या द्याव्यात म्हणून ती वाट बघत बसली. त्या ऑपरेटरला तिनं रोज दिल्या होत्या त्यांतली एखादी तरी. त्यानं एकही दिली नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

"खिडकी लावून घे," तो म्हणाला.

तिनं उठून खिडकी लावली.