थंड खोलीतली ढब्बी

"बाई, तुमच्या बेडकांना घाम येतो का?"

हा प्रश्न मोठ्या बाईंना विचारून दाखवायचा, अशी आमच्या टोळीची पैज होती. गेल्या वर्षीची मी असते तर कुणाच्या तरी पाठीमागे लपले असते. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत माझं तोंड जे उघडलंय, ते काही बंद व्हायचं नाव घेत नाही. त्यात वर्गाची सहल आली होती ती माझ्याच राज्यात. या बेडूक केंद्रात आई बेडकांचं सगळं बघते, बाबा मशीनं बघतात, आणि मी रांगायला शिकले ती इथल्याच फरशीवर. मग काय, विचारला खणखणीत आवाजात.

मुली फिदीफिदी हसल्या. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई एरवी माझ्या आगाऊपणावर माझ्याहून मोठ्यानं हसतात. आज त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला आणि म्हणाल्या, "घाम नाही येत गं. कातडी सुकते त्यांची. आणि यांनी तर ऊन कधी पाहिलंच नव्हतं."

नव्हतं? मी आईकडे पाहिलं. आई टाकीचं आधीच बंद असलेलं झाकण पुन्हा बंद करत होती.

मग बाईंनी सगळ्या वर्गालाच सांगून टाकलं. उन्हाळ्याआधी डोंगरावरच्या ओढ्यात सोडलेल्या आमच्या बेडकांपैकी एकही जिवंत सापडला नाही. शोधायला गेलेली माणसं कालच परत आली. म्हणजे आई-बाबांना कालपासून माहीत होतं, आणि जेवताना दोघं मला गणिताचे मार्क विचारत होते.

पैज जिंकल्याचं कुणी बोललंच नाही.

मी जन्मले त्या वर्षी डोंगरावरचे उरलेसुरले बेडूक इथे आणले होते, कारण ओढा तापू लागला होता. बाबांनी खोली अगदी जुन्या ओढ्याइतकी गार ठेवली. वीज गेली तर जनरेटर, जनरेटर रुसला तर बर्फाच्या लाद्या. माझ्या शाळेच्या एकाही नाटकाला ते आले नाहीत, पण त्या खोलीचा पारा कधी हलू दिला नाही त्यांनी.

घरी आल्यावर मी थयथयाट केला. आईनं तो सगळा होऊ दिला आणि मग समजावलं. डोंगराच्या खालच्या अंगाला राहणारे तपकिरी बेडूक कुणी उचलून आणले नव्हते. ते दर उन्हाळ्यात ढिगानं मेले. जे थोडे तगले त्यांचीच पिल्लं झाली, त्या पिल्लांतली जी तगली त्यांची पुढे. आता ते आकारानं लहान झालेत आणि आमच्या बेडकांच्या ओढ्यात वर चढून खुशाल ओरडतायत. आमच्यांत मात्र इतक्या पिढ्यांत उन्हानं कुणाला निवडलंच नाही. नाजूकही जगला, चिवटही जगला, आणि कोण कसा हे कळायची वेळच आली नाही.

बाबा हातातला पाना उगाच पुसत बसले होते. "म्हणजे मशीन एकदा जरी बिघडलं असतं..." ते म्हणाले.

"तसं नको म्हणूस," आई म्हणाली. पण ते खोटं आहे असं काही ती म्हणाली नाही.

मोठ्या बाईंचं ठरलं होतं. उरलेल्यांपैकी निम्मे थंड खोलीतच राहतील. निम्मे शेजारच्या खोलीत जातील, आणि तिथला पारा बाबांनी हळूहळू आजच्या ओढ्याइतका चढवायचा. बरेचसे मरतील. कदाचित सगळेच. पण कुणाच्या अंड्यांतून चार चिवट बेडूकमासे निघाले, तर त्यांच्या पिल्लांना डोंगर परत मिळेल. अंडी उचलून तिकडे नेता येत नाहीत, हलवली की नासतात. मादीनं स्वतः तिथल्या पाण्यात घालायला हवीत.

कोण जाणार, हे आई-बाबांनी निवडायचं होतं. आणि बाबांनी ढब्बीला मागे ठेवलं होतं.

ढब्बी माझी. बेडूकमासा असताना तिची शेपटी वाकडी होती, बाकीचे तिला खाण्यापाशी येऊच देत नव्हते. मी तिला ड्रॉपरनं शेवाळ भरवून वाढवलं. आता ती सगळ्यांत थोराड आहे, सगळ्यांत जास्त अंडी घालते, आणि माझं बोट दिसलं की जाडजूड बाईसारखी डुलत पुढे येते.

"ती नको," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. आम्हा तिघांनाही कळत होतं की जितकी अंडी जास्त, तितकी त्यांत एखादं चिवट निघायची आशा जास्त. ढब्बीला वाचवायचं ते फक्त माझ्यासाठी होतं.

केंद्र आमच्या घराला लागूनच आहे. मी जाऊन तिला ओंजळीत घेतलं. पोट गारगार, ओल्या दगडासारखं. मी नाक गळेपर्यंत रडले. तिला कशाचा पत्ता नव्हता. खाली ठेवल्यावर तिनं एक माशी गिळली आणि स्वस्थ बसली.

मी परत आले तेव्हा दोघं स्वयंपाकघरात तशीच बसली होती, दिवासुद्धा न लावता. भाषणाला उभं राहते तशी मी दारात उभी राहिले.

"ढब्बी गरम खोलीत जाणार," मी म्हणाले. "मीच तिला उचलून नेणार. आणि बाबा, पारा तुम्हीच चढवायचा. दुसऱ्या कुणाच्या हातून ते नको."